जांबला एक दिवस, सावकाश



दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरली की सहलीचा विषय निघतो. शिक्षकांच्या खोलीत एक जण यादी करायला बसतो. पैठण, जांब, अंबड, राजूर, मग वेरूळ, आणि वाटेत आहेच म्हणून दौलताबाद. एस. टी. चा प्रासंगिक करार झालेला असतो, गाडी चोवीस तासांसाठी आपली असते, तेव्हा तिचा पुरेपूर उपयोग करायला नको का? असे म्हणत यादी वाढत जाते. अशा याद्या मीही केल्या आहेत. आज त्याबद्दलच चार शब्द बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या सातवीच्या मुलांना मी असेच एका दिवसात सहा ठिकाणी फिरवून आणले. पहाटे चारला निघालो. जांब समर्थला पोचलो ते दुपारी साडेबारा वाजता. उन्हाचा तडाखा होता, मुले भुकेली होती आणि दोघांना गाडी लागली होती. मी शिट्टी वाजवली, रांग केली, दर्शन घडवले, पुन्हा शिट्टी वाजवली. वीस मिनिटांत आम्ही गावाबाहेर. सोमवारी मुलांना 'आमची सहल' हा निबंध लिहायला दिला. एका मुलाने जांबबद्दल एकच वाक्य लिहिले होते, ते मला पाठ आहे : "जांबला आम्ही चपला काढल्या आणि परत घातल्या."

मी त्याला रागावलो नाही. कसा रागावणार? मुलाने खरे तेच लिहिले होते. बाकीच्यांच्या वह्यांत ड्रायव्हरमामा कसे गातात, कोण किती वेळा ओकले आणि ढाब्यावर काय खाल्ले, हेच भरलेले होते. पालकांनी पोटाला चिमटा घेऊन दिलेले पैसे मी गाडीच्या चाकांवर घालवले, ही बोचणी मात्र मनाला लागून राहिली.

पुढे एक गंमत झाली. माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त नेदरलँड देशात राहतो. आपण त्या देशाला हॉलंड म्हणतो. दिवाळीत त्याचे लांबलचक पत्र आले. तो एका सुट्टीला डेल्फ्ट नावाच्या गावी गेला होता. गाव जुने आणि कालव्यांचे. रस्त्याच्या जागी पाणी, त्यावर लहान लहान पूल, काठाला झाडे. मधोमध एक मोठा चौक. चौकाच्या एका टोकाला नगरभवन आणि समोर चर्चचा शंभर मीटरहून उंच मनोरा. दर गुरुवारी त्या चौकात बाजार भरतो. त्याने लिहिले होते : "गुरुजी, सकाळी फक्त मनोरा चढलो. मग कालव्याच्या काठाने चालत राहिलो. दुपारी एका पुलाजवळ बसून भाकरतुकडा खाल्ला. एक संग्रहालय पाहिले, एका होडीत बसलो, आणि दिवस संपला. अर्धा दिवस तर मी काहीच केले नाही. पण ते गाव मला आता डोळे मिटूनही दिसते."

हे वाचून मी थबकलो. आपली मुले सहा ठिकाणे पाहून येतात आणि त्यांना एकही दिसत नाही. हा एकच गाव पाहतो आणि तो त्याच्या डोळ्यांपुढून हलत नाही.

त्या पत्रात आणखी एक गोष्ट होती, आणि तीच मला जांबकडे घेऊन गेली. डेल्फ्ट हे नावच मुळी खणणे या अर्थाच्या शब्दावरून पडले आहे. कालवा खणला, त्याच्या काठाने वस्ती झाली, आणि खणलेल्या पाटाचेच नाव गावाला मिळाले. मी मनात म्हटले, अरे, खणलेला कालवा तर आपल्याकडेही आहे! जायकवाडीचा डावा कालवा आपल्या अंबड, घनसावंगीतूनच जातो. फरक एवढाच, की त्यांची जमीन सखल आणि पाणथळ, म्हणून त्यांना पाणी काढून लावायला कालवे लागले. आपली जमीन तहानलेली, म्हणून आपल्याला पाणी आणायला कालवा लागला. त्यांच्या कालव्यात होड्या चालतात, आपल्या कालव्यावर गहू आणि ऊस पिकतो.

मग मी ठरवले, पुढच्या वर्षी एकच गाव आणि तेही जांब. बरोबर माझ्या आत्याबाईंनाही घेतले. त्यांचे गुडघे दुखतात, दिसतेही कमी. आधीच्या सहलीला त्या म्हणाल्या होत्या, "मला कशाला नेतोस रे, तुमच्या पळापळीत मी कुठं पुरणार?" त्यांचे ते बोलणेही मनात होतेच.

आता नियोजनाचे सांगतो. शिक्षक बंधुभगिनींना त्याचा उपयोग होईल.

पहिली गोष्ट दिवसाची निवड. रामनवमीला जांबला मोठा उत्सव असतो. समर्थांचा जन्मही रामनवमीचा, शके १५३०, म्हणजे इसवी सन १६०८. उत्सव पाहायचा असेल तर त्या दिवशी अवश्य जा, पण मग गाव पाहायला मिळेल अशी आशा धरू नका. शिवाय चैत्रातले ऊन. म्हाताऱ्या माणसांना आणि लहान लेकरांना मार्गशीर्ष आणि पौष हे महिने बरे. त्यात हुरडा असतो. आणि रब्बीच्या आवर्तनाचे पाणी कालव्याला सुटण्याचेही तेच दिवस. हे मात्र आधी विचारून घ्यावे, कारण पाणी नसलेला कालवा म्हणजे नुसता सिमेंटचा खड्डा. आम्ही त्या भागातल्या ओळखीच्या एका शेतकऱ्याला फोन केला. ते म्हणाले, "गुरुजी, परवा यायचं असलं तर या. पाणी येऊ राहिलं. आठ दिवसांनी आलात तर काही खरं नाही."

दुसरी गोष्ट वेळेची. पहाटे चारला निघू नये. मुले झोपेत गाडीत बसली की सकाळभर तोंडे आंबट असतात. आम्ही साडेसहाला निघालो आणि ऊन कोवळे असतानाच जांबला पोचलो. आमचे गाव परतूरच्या बाजूचे, त्यामुळे फार लांब नव्हतेच. जालन्याकडून येणारांनी अंबडवरून यावे. रेल्वेने येणाऱ्यांना परतूर स्टेशनही सोयीचे.

पोचल्यावर मी शिट्टी खिशातच ठेवली. मुलांना म्हटले, आता दुपारी बारापर्यंत आपल्याला कुठेही जायचे नाही. त्यांना आधी ते खरेच वाटेना. एकाने विचारले, "गुरुजी, मग काय करायचं?"

मी म्हटले, "आधी बसू."

राममंदिराच्या सावलीत बसलो. बसल्यावर प्रश्न सुरू झाले. पहिला प्रश्न असा, की गावाचे नाव जांब का? आपल्याकडे पेरूला जांब म्हणतात, तेव्हा पेरूच्या बागा असतील, असे एकीचे म्हणणे. मी सांगितले की पेरू हे फळ अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या बरोबर आपल्याकडे आले, गावाचे नाव त्याच्यावरून पडले असेल असे वाटत नाही. मग जांभळावरून असेल, असे दुसरा म्हणाला. चर्चा पंधरा मिनिटे चालली, निकाल लागला नाही. पण वर्गात कधी तोंड न उघडणारी दोन मुले त्यात बोलली.

दुसरा प्रश्न अकरा मारुतींचा. हा प्रश्न मोठी माणसेही विचारतात म्हणून सांगतो. समर्थांनी स्थापलेले अकरा मारुती इथे नाहीत. ते कृष्णेच्या आणि वारणेच्या खोऱ्यात, सातारा, सांगली आणि कोल्हापूर या जिल्ह्यांत आहेत. जांब हे जन्मस्थान. चाफळ आणि सज्जनगड ही पुढची कर्मभूमी. नकाशा काढून हे दाखवले की मुलांच्या लगेच ध्यानात येते. जांब, नाशिकजवळची टाकळी, चाफळ, सज्जनगड, अशी चार टिंबे फळ्यावर काढावीत. सहलीच्या आदल्या दिवशीच काढावीत, म्हणजे तिथे जाऊन व्याख्यान झोडावे लागत नाही.

समर्थांच्या घराच्या जागी मंदिर आहे, तिथे गेलो. सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांचे हे घर. इथला धाकटा मुलगा नारायण एकदा अंधारात एकटाच बसलेला आढळला, आणि काय करतोस असे आईने विचारल्यावर, विश्वाची चिंता करतो, असे त्याने सांगितले, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. बाराव्या वर्षी बोहल्यावरचा 'सावधान' शब्द ऐकून तो निघून गेला, हेही ठाऊक. मी मुलांना तिथे वेगळीच गोष्ट सांगितली. ती घरी राहिलेल्या थोरल्या भावाची. गंगाधरपंत त्यांचे नाव, लोक त्यांना श्रेष्ठ म्हणत. वडील गेलेले, धाकटा भाऊ परागंदा झालेला, आई रडून रडून आंधळी झाली अशी परंपरा सांगते. हे सगळे त्यांनी सांभाळले. रामीरामदास या नावाने त्यांनी ग्रंथही लिहिले, 'सुलभोपाय' आणि 'भक्तिरहस्य'. निघून गेलेल्याचे नाव जगभर झाले आणि ते योग्यच झाले. पण दिवा लावायला घरात कोणीतरी राहावे लागते. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे मोठे भाऊ पुण्याला किंवा वाळूजला कामाला आहेत. एक मुलगी हळूच म्हणाली, "आमच्या घरी उलटं हाय. मोठा गेला, बारका राहिला." यावर मी काही बोललो नाही.

आत्याबाई त्या ओसरीवर एकट्याच बसून राहिल्या. तीर्थयात्रा आटोपून समर्थ चोवीस वर्षांनी घरी आले, आईच्या डोळ्यांवरून हात फिरवला आणि तिला दिसू लागले, ही कथा त्यांना लहानपणापासून पाठ. मी जवळ गेलो तर म्हणाल्या, "चोवीस वर्षं. मोजून बघ की किती होतात ते." कथेतला चमत्कार खरा की खोटा, यावर वाद घालणारे पुष्कळ आहेत. आत्याबाईंचे लक्ष त्या चमत्काराकडे नव्हतेच, चोवीस वर्षांकडे होते. अर्धा तास त्या तिथून उठल्या नाहीत, आणि त्यांना उठवायला आमच्याकडे कारणही नव्हते. मागच्या सहलीत हा अर्धा तास आम्ही कुठून आणला असता?

गावात फिरलो तेव्हा मूर्तिचोरीचा विषय निघालाच. २०२२ च्या ऑगस्ट महिन्यात राममंदिरातल्या पंचधातूच्या पुरातन मूर्ती चोरीला गेल्या होत्या. सगळ्या महाराष्ट्रात खळबळ उडाली. त्याच वर्षी पुढे पोलिसांनी चोरांचा माग काढला आणि मूर्ती हाती लागल्या. पारावर बसलेल्या एका आजोबांना मुलांनी त्याबद्दल विचारले. आजोबा म्हणाले, "देव नव्हते तेव्हा देवळात जावंसं वाटंना आन् घरी बसवंना." वीस मिनिटांत गावाबाहेर पडणाऱ्यांना असे आजोबा भेटत नाहीत. मुलांना मी एवढेच सांगितले, की जुन्या मूर्तीला हात लावू नये, अगदी जवळून फोटो काढण्यासाठी धडपडू नये, आणि देवळाच्या भिंतीवर आपले नाव तर मुळीच लिहू नये.

बाराला जेवलो. ज्वारीची भाकरी, ठेचा, दही, शेंगदाण्याची चटणी, आणि एका घरून आयत्या वेळी आलेले पिठले. प्रत्येकाने शिदोरी आणावी आणि ती एकत्र करून खावी, हे उत्तम. हॉटेल शोधण्यात एक तास जातो आणि पैसेही जातात. जेवणानंतर मात्र तासभर सक्तीची विश्रांती. ज्यांना झोप येईल त्यांनी झोपावे. ही विश्रांती वगळण्याचा मोह होतो, तो टाळा. दुपारनंतरचा सगळा दिवस तिच्यावर अवलंबून असतो.

तीनच्या सुमाराला आम्ही कालव्याकडे निघालो. गोदाकाठाकडच्या शिवारात उतरलात की कुठे ना कुठे कालवा नाहीतर त्याची चारी आडवी येतेच. पैठणच्या धरणाचा पायाभरणी समारंभ लालबहादुर शास्त्री यांच्या हस्ते १९६५ साली झाला आणि उद्घाटन इंदिरा गांधी यांच्या हस्ते १९७६ साली. डावा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे. छत्रपती संभाजीनगर, जालना आणि परभणी या जिल्ह्यांतून तो जातो. उजवा कालवा १३२ किलोमीटर, तो बीडच्या बाजूने. एवढे आकडे मुलांना पुरे.

एका लहान चारीवर, जिथे पाणी गुडघ्याइतकेच होते, आम्ही एक प्रयोग केला. मुलांनी पन्नास पावले अंतर मोजले, ते पस्तीस मीटर भरले. वरच्या टोकाला लिंबाचे पान सोडले आणि घड्याळ लावले. पानाला सत्तर सेकंद लागले. म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर, तासाला अठराशे मीटर. लगेच एकाने हिशेब मांडला, की याच वेगाने पाणी चालले तर कालव्याच्या शेवटाला पोचायला एकशे पंधरा तासांवर लागतील, म्हणजे जवळजवळ पाच दिवस. चारीतला वेग आणि मुख्य कालव्यातला वेग एक नसतो, मोठ्या कालव्यात पाणी जास्त जोराने धावते, हे मी सांगितले. तरी शेवटाकडच्या शेतकऱ्याला पाण्याची वाट का पाहावी लागते, आणि वरच्याने जास्त घेतले की खालचा का ओरडतो, हे त्या एका पानाने त्यांना समजले. वर्गात मी हा धडा तीनदा शिकवला होता.

आता एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे, आणि ती ऐकून सोडून देऊ नका. मुख्य कालव्यात मुलांना उतरू देऊ नका. कालवा नदीसारखा नसतो. त्याचे काठ उतरते आणि सिमेंटचे, पाण्याखाली त्यांच्यावर शेवाळ धरलेले. आत जाणे सोपे, पण बाहेर येताना पाय ठरत नाही, हाताला धरायला झाडाचे मूळ नाही की दगड नाही. वरून पाणी संथ दिसते, आत ओढ असते. पट्टीचे पोहणारे यात गेले आहेत. मोठा कालवा पाहायचा तो पुलावरून, कठड्यापासून हातभर दूर उभे राहून, आणि दर दहा मुलांमागे एक मोठे माणूस हवेच. कोणी पडलेच तर मागून उडी टाकू नये; दोर, धोतर, साडी, लांब काठी, जे हाताशी असेल ते टाकावे आणि त्याला ओढून घ्यावे. आम्ही गाडीत वीस हात दोर ठेवला होता. तो लागला नाही. पुढच्या वेळीही मी तो नेणार आहे.

डेल्फ्टच्या पत्रातली एक ओळ मला तिथे पुलावर आठवली. फर्मीर नावाचा थोर चित्रकार त्या गावचा. १६३२ मध्ये तो तिथे जन्मला, आणि आपली बहुतेक सगळी हयात त्याने त्याच गावात काढली. खिडकीशी उभी असलेली बाई, दूध ओतणारी मोलकरीण, पाण्यापलीकडे दिसणारे आपले गाव, अशी रोजचीच दृश्ये त्याने रंगवली आणि जग ती पाहायला जाते. गंमत अशी, की टाकळीचे तप संपवून समर्थ तीर्थाटनाला निघाले ते साल परंपरेने १६३२ हेच सांगतात. एक देशभर हिंडला, दुसरा गाव सोडून फारसा गेलाच नाही. मुलांना मी कागद दिले आणि पुलावर बसून समोर दिसते ते काढा म्हटले. कोणी पाणी काढले, कोणी ऊस. एकाने फक्त विजेचा खांब आणि त्यावरचा कोतवाल पक्षी काढला. चित्रे काही फार बरी नव्हती. पण पाऊण तास चाळीस मुले गप्प बसली होती, हे शिक्षकांना सांगितले म्हणजे त्यांना त्याची किंमत कळेल.

परत फिरताना ऊन उरले असेल तर अंबडची मत्स्योदरी देवी पाहता येते. टेकडी माशाच्या आकाराची म्हणून देवीचे नाव मत्स्योदरी. पायऱ्या आहेत, संध्याकाळी वर वारा छान असतो. आम्ही मात्र गेलो नाही. तिथल्या ओळखीच्या शेतकऱ्याने आगटी पेटवून हुरड्याला बोलावले होते, आणि मुलांनी हात वर करून मतदान केले तेव्हा देवीला तीनच मते पडली. देवी रागावणार नाही, असे आत्याबाईंनी जाहीर केले. गरम कणसे हातावर चोळून त्यांनी मुलांना हुरडा काढून दिला. त्यांना दिसत कमी असले तरी एक दाणा खाली सांडला नाही.

खर्चाचे विचाराल, तर गाडीचे भाडे आधीच्या निम्म्याहून कमी झाले, कारण चाके कमी फिरली. उरलेल्या पैशांत मुलांना एकेक वही आणि रंगीत खडूंची पेटी मिळाली. परवानगीच्या अर्जावर 'भेटीची ठिकाणे' या रकान्यात एकच नाव पाहून कचेरीत विचारणा झाली, बाकीची कुठे आहेत म्हणून. मी सांगितले, एवढेच. त्यावर सही झाली.

आत्याबाई म्हणतात, पुढच्या पौषात पुन्हा जाऊ, पण पाण्याची पाळी आणि हुरडा दोन्ही असतील तरच. मी त्या शेतकऱ्याचा फोन नंबर वहीत नीट लिहून ठेवला आहे.